सोशिक म्हणून गयाच

बायांनो, दुपारपासून घास उतरत न्हाई, म्हणून तुमच्यापाशी बोलते.

निजाम सरकारचे कुणी साहेब दौऱ्यावर आलेत. दिंद्रुडच्या वाटेवर, आमच्या गावाबाहेर त्यांचे तंबू पडलेत. सगळ्या लवाजम्याचं दळण गावानं फुकट दळून द्यायचं, अशी वेठ आहे. कुणाच्या घरची बाई धाडायची, ते पाटलीण म्हणून मी ठरवते.

मी गयाला धाडलं. सोळा वर्षांची पोर, प्लेगात आईबाप गेले, चुलत्याकडं राहते. मागच्या खेपेलाही तीच गेलती. माझ्या सुनेला मी कधी धाडलं न्हाई.

"गया लई सोशिक हाय, तिला काय होत न्हाई," असं मीच गावभर सांगत आले.

आज दुपारी तंबूंकडं गेले, तर गयाच्या तळहातांना फोड आलेले. जात्याचा खुंटा तिच्या शेजारच्या जैनबनं धरला होता, अन् जैनबची आई पीठ भरत होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"कमाल हाय गं पोरी तुझी," मी म्हणाले.

गया मान खाली घालून बोलली, "पाटलीणबाई, ह्या दोघी नसत्या तर मी कवाच मोडले असते. तुमी मला सोशिक म्हणता, अन् परत मलाच धाडता."

मी पदर खोचून जात्यावर बसले. उद्या मी अन् सून जाणार आहोत. पण वेठ काही सुटली न्हाई, अन् गयाच्या तोंडाकडं बघायची हिंमत होत न्हाई.

तुमच्या गावात 'हिला काय होत न्हाई' असं म्हणून तुमी कुणाला पुढं करता?