गोधडीतला भात

परवा गोधड्या उन्हात टाकल्या, तर एकीला भाताच्या वाफेचा वास आला. इतक्या वर्षांनी वास कुठला राहतो, पण मला आला खरा.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ह्यांच्या ऑफिसात काम वाढलं, दुपारी जेवायला यायची वेळ ठरेना. पुन्हा पुन्हा गॅस कोण जाळणार? मग भाताला चांगली उकळी आली की मी पातेलं गोधडीत गुंडाळून पलंगावर ठेवायची. आतल्या वाफेवरच तो शिजायचा अन् गरम राहायचा.

आमची छाया तेव्हा लहान. एका दुपारी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर हे पलंगावर बसलेले, गोधडीवर हात ठेवून.

"छायाचं अंग किती तापलं," हळूच म्हणाले. "मले फोन काहून नाही केला?"

"अहो, पोट्टी शेजारी खेळून राहिली. हा भात होय."

त्यांनी हात काढला नाही. "झोपू दे मग त्याले," म्हणाले.

लेकीशी कधी धड चार शब्द न बोललेला माणूस. आता ते नाहीत, छाया पुण्याला. काल फोनवर तिला हे पहिल्यांदाच सांगितलं. रायपुरात वाढलेली ती, हिंदीतच म्हणाली, "बाबा मेरे लिए इतना डरते थे?"

"हव," म्हटलं, अन् ती गोधडी मांडीवर ओढून घेतली.