गाय अडली, कासार बोलवा

आमच्या आंदणाच्या गायीचं वासरू मी सोडवलं, असं आमच्या गावात सगळे सांगतात. माझी बायको सांगते, मुलं सांगतात, पाहुण्यांपुढं तर जरा मीठमसाला लावूनच सांगतात. ते वासरू मी सोडवलेलं नाही. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही. सोडवलं ते आमच्या कासारमामांनी, आणि कासारमामांना गायीची भीती वाटायची.

तुम्हीही आपल्या गावात असा एखादा कासार पाहिला असेल. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, चालताना किणकिण, आणि ती किणकिण ऐकून घराघरांतून बाहेर आलेल्या बाया. आमचे मामा राहायचे तालुक्याच्या गावी, अकोल्यात. राजूरचा बाजार उरकला की डोंगर उतरताना आमच्या गावी मुक्काम करायचे. साऱ्या गावाच्या बायांचे ते मामा, म्हणून आम्हा गड्यांचेही मामाच.

बाईचा हात हातात घेतला की आधी उलटा, मग सुलटा करून बघायचे, बाजारात वांगं बघावं तसं. मग साबणाचं पाणी लावायचे, तिचा अंगठा तळव्यात दुमडायचे आणि विचारायचे, "काय गं, माहेरची खुशाली?" बाई सांगायला लागायची, आणि तिचं लक्ष तिकडं असेतोवर इकडं बांगडी मनगटात. "मन माहेरी, हात माज्याकडं!" असं म्हणून मामा स्वतःवरच खूश होऊन हसायचे.

बढाई भारी. "माज्या हातनं बांगडी वाढत न्हाई," म्हणायचे. बांगडी फुटली असं त्यांच्या तोंडून कधी यायचं नाही, वाढली म्हणायचं. एकदा शेजारच्या काकींच्या हातात एक वाढलीच. मामा तडक त्यांच्यावरच उलटले, "तुज्या भावाचं नाव काडलं आन् तू मूठ वळलीस! भांडान हाय व्हय त्याच्याशी?" भांडण होतं. काकी पदरात तोंड लपवून हसल्या आणि गल्लीभर सगळ्यांना कळलं.

पण समोरून गाय आली की हेच मामा गल्ली बदलायचे. "शिंगं माज्या माळांकडंच बगत्यात," म्हणायचे.

माझी सासुरवाडी राजूरच्या वरची, डोंगरातली. लग्नात सासऱ्यांनी एक डांगी जातीची गाय दिली होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. बायको कवडीशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची. त्या वर्षी दोघीही पोटुशी होत्या. बायकोला सातवा लागला आणि हिरव्या बांगड्या भरायला आईनं मामांना बोलावलं. ओसरीवर शेजारणी जमल्या, पाट मांडला, आणि नेमकी त्याच सकाळी कवडी अडली.

गोठा घरामागं. एक खूर आणि नाकाचा शेंडा एवढंच बाहेर आलं होतं आणि तिथंच सगळं थांबलं होतं. शेजारचे तात्या, म्हणजे त्या काकींचे मालक, अशा कामात पुढं असायचे. त्यांनी त्या एका पायाला दावं बांधलं आणि आम्ही दोघं ओढायला लागलो. जितकं ओढावं तितकी कवडी कण्हायची आणि वासरू जागचं हलायचं नाही.

पाणी प्यायला मी घरात आलो तर बायको पाटावरून मान वळवून माझ्याकडंच बघत होती. एक हात भरून झालेला, दुसरा मोकळा. अर्धवट उठायचं नाही, आणि गोठ्याकडं तर फिरकायचंच नाही, असं आईनं बजावलेलं. ती हळूच म्हणाली, "माज्या माहेरची हाय ती. तिला काय झालं तर मी न्हाई वाचायची ह्यातनं."

मी तांब्या खाली ठेवला. परत गोठ्यात गेलो. तात्या ओरडले, "लाव दम! वढ!"

तेवढ्यात ओसरीवरून मामांचा आवाज आला, "वढू नका रं! वढल्यानं आनिकच अडकतंय!"

"बांगड्या भर तू तुज्या!" तात्यांनी इकडून सुनावलं. मग मला म्हणाले, "वस्तीवरनं दोन गडी आनतो. दोगांचं काम न्हाई हे." आणि ते गेले.

ते गेले तसे मामा आले. साबण आणतो म्हणून ओसरीवरून उठले होते. ताटी लोटून आत आले आणि दारातच थबकले. "तोंड धरा तिचं. दोनी हातांनी. शिंगं हिकडं वळली तर मी गेलोच समजा."

मी तोंड धरलं. मामा लांबून वाकून बघायला लागले.

"एकच पाय?"

"एकच."

"आन् दुसरा?"

"आत."

"मूठ वळून बसलंय पोर," मामा म्हणाले. "वळल्या मुठीवर बांगडी चडंल का? मग मगापासनं तुमी काय करताय?" जरा थांबून म्हणाले, "तुमीच घाला हात आन् सोडवा."

मी माझा हात पुढं केला. नांगराच्या रुमण्यावर वाढलेला हात. सवयीनं मामांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि सोडून दिला. "ह्याचं माप न्हाई माज्याकडं."

मग त्यांनी बाही सारली, कोपरापर्यंत साबण लावला, स्वतःचा अंगठा तळव्यात दुमडला. भीतीनं डोळे जवळजवळ मिटलेले. आणि तशाच मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "काय गं कवडे, राजूरकडं भात कसा हाय औंदा?"

खोटं सांगत नाही, कवडीनं लांब श्वास सोडला. मामांचा हात आत गेला.

"माहेरचं कुनी आलं हुतं का? न्हाई? ह्या लोकांनी बोलावलंच नसंल." कळ आली की मामा थांबायचे, गेली की बोलणं आणि हात दोन्ही पुढं सरकायचे. मग त्यांनी वासराला मागं ढकलायला सुरुवात केली. मी ओरडलो, "मामा, मागं काय ढकलताय? भायेर काडायचंय!"

"बांगडी अडकली की आदी मागंच घ्यावी लागती. गप ऱ्हावा."

एकाएकी त्यांचे डोळे उघडले. "घावला! गुडगा दुमडलाय बगा. आता खूर तळव्यात घेतो, तिला आतनं लागाया नगं." कपाळावरून घाम ओघळत होता आणि तोंड चालूच होतं, "हां, सोड मूठ, सोड बाळा, मामाच हाय." आणि दुसरा खूर पहिल्याच्या शेजारी येऊन बसला.

"आता धरा. कळ आली की वढा, गेली की थांबा."

मी तोंड सोडून मागं धावलो. दोन कळांत वासरू असं सुटलं की मामा मागच्या मागं शेणात बसले आणि वासरू त्यांच्या मांडीवर. मी नाकातोंडातला चिकटा काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. वासरू शिंकलं. कालवड होती. कवडी वळली, तिनं कालवड चाटली आणि त्याच फेऱ्यात मामांचा हातही.

"चावली! चावली!" मामा किंचाळले.

"चाटली, मामा."

"चाटली? मला?" शेणात बसल्या बसल्या ते असे हसायला लागले की मलाही आवरेना. दोघंही हसत होतो आणि दोघांचेही डोळे भरले होते.

राखेनं हात घासता घासता मात्र ते गंभीर झाले. "कुनाला बोलू नगा. सवाष्णी ह्या हातात हात देत्यात. ह्यो गाईच्या पोटात जाऊन आला म्हनून कळलं तर एक बाई हात पुढं करायची न्हाई. तुमी सोडवलीत. झालं." मी कवडीच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

ओसरीवर जाऊन त्यांनीच पुकारा केला, "सुटली! कालवड झाली! मालकांनी सोडवली तुमच्या!" बायको हसली, रडली, आणि तिचा दुसरा हात इतका सैल पडला की मामांना माहेर विचारायची गरजच लागली नाही.

तात्या गडी घेऊन आले तेव्हा मी कोपरापर्यंत भरलेला उभा होतो. सगळे विचारायला लागले, कसं केलंस, काय केलंस. मी राख घेऊन हात घासायला लागलो. काकींनीच मला सोडवलं, "अवो, हिकडं हिचा हात भरला आन् तिकडं गाय सुटली. मालकिनीच्या बांगड्यांचा गुन हाय ह्यो." बायांनी माना डोलावल्या. मी नाही म्हणालो नाही.

बायको बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा गाडीत बसताना म्हणाली, "कवडीला सोडवलंत तुमी. आता मला कसलं भ्याव?" मुलगा झाला, सुखरूप. त्या दिवशी मला खरंच वाटलं की कवडीला मीच सोडवलं होतं. खोटं असं अंगात मुरतं.

त्यानंतर पंचक्रोशीत गाय अडली की दोन माणसं बोलावली जायची. मी, आणि घरच्या मालकिणीला बांगड्या भरायला कासारमामा. मी सगळ्यांना गोठ्याबाहेर काढायचो, मामा "साबन आनतो" म्हणून मागून आत यायचे, आणि ताटी लागायची. आत गायीला माहेर विचारणं चालायचं. बाहेर लोक म्हणायचे, ह्याच्याजवळ मंत्र आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी काचेचा माल बंद झाला, बांगडी मिळेना, तरी मामा गायींसाठी हिरवी माळ राखून ठेवायचे. "माजा धंदा आता गाईच चालवत्यात," म्हणायचे. भीती मात्र गेली नाही. प्रत्येक वेळी आधी तेच, "तोंड धरा तिचं."

दरवेळी ते मला म्हणायचे, "आता तुमी शिका. हात मोटा असला तरी सवय झाली म्हंजी जमतंय." मी म्हणायचो, पुढच्या वेळी. खरं कारण हाताचं माप नव्हतं. मामा आहेत तोवर शिकून करायचं काय, असं मला वाटायचं, आणि मान तर मला फुकटच मिळत होता.

मग मामांचे हात थरथरायला लागले. धंदा पुतण्याकडं देऊन ते श्रीगोंद्याकडं लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. पुतण्या गुणी होता, हसरा, मामांसारखीच माळ खांद्यावर टाकायचा. आत काय चालायचं ते मामांनी त्यालाही सांगितलं नव्हतं. त्याच साली तात्यांची गाय अडली. मला बोलावलं, पुतण्याला बोलावलं. त्यानं काकींना बांगड्या भरल्या. मी ताटी लावली, साबण लावला, गायीशी बोललोसुद्धा. पण हात घातल्यावर आत काय लागतंय तेच मला कळेना. पाय कुठला, मान कुठली. गाय वाचली. वासरू मेलेलं निघालं.

बाहेर आलो तर काकी रडत होत्या. माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. काकी म्हणाल्या, "ह्या पोराच्या हाताला गुन न्हाई." बाकीच्या बायांनी मान हलवली. पोर माळा गोळा करत होता. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, कारण मी आत होतो, मी काही तरी सांगेन असं त्याला वाटलं असावं. मी बाही खाली ओढत उभा राहिलो.

त्यानंतर आमच्या गावात त्याला एकाही बाईनं हात दिला नाही. वर्षभर फेऱ्या मारून त्यानं येणं सोडलं. अकोल्यात दुकान आहे त्याचं, डोक्यावर पांढरं दिसायला लागलंय. मी पलीकडच्या बाजूनं जातो.

मामांची शपथ मी पाळली असं म्हणता येईल. ती मोडली म्हणून मामा रागावले नसते, चार शिव्या देऊन हसले असते. पुतण्याचं तसं नाही, माझ्या गप्प राहण्यानं त्याचं गाव तुटलं. काकी अजून आहेत, तात्या आहेत, त्या दिवशी मान हलवणाऱ्या बाया आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे की त्या पोराच्या हातात दोष नव्हता, दोष माझ्या हातात होता. लिहून झालं, पण त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नाही. तोंडानं सांगणं बाकी आहे.