आधीच मारलेली टिक

“टिक आधीच मारलेली ठेव,” सर म्हणाले. “लोक मारायला विसरतात.”

भिंतीवरच्या पडद्यावर माझं पान होतं. एका वधूवर सूचक केंद्राच्या वेबसाइटचा नावनोंदणीचा फॉर्म. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, पगार. सगळे रकाने मी एका रेषेत बसवले होते. जोडीदाराविषयीच्या अपेक्षांखाली एक छोटा चौकोन टाकायचा राहिला होता. त्याच्यापुढे काय लिहायचं, ते सरांनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं. भाजी सांगावी तसं.

“एससी, एसटी क्षमस्व.”

वर्गात बारा-चौदा जण होतो. कुणाचंही काही बिघडलं नाही. बोटं चालू होती.

वेबसाइट बनवायला शिकवणारा हा क्लास निगडी प्राधिकरणात. खाली मिठाईचं दुकान, वर आम्ही. गुरुवारची बॅच म्हणजे कंपनीवाल्यांची बॅच, कारण आमच्याकडे सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी. मी चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर आहे. दिवसभर उभं राहून बोर्डावर वायरी बसवायच्या. दिघीहून कंपनीच्या बसने जायचं, बसनेच यायचं. सुट्टीच्या दिवशी पाय लांब करून पडायचं सोडून मी क्लासला जायचे, कारण मला त्या लाइनवरून सुटायचं होतं. मारुंजीत सरांच्या ओळखीच्या ऑफिसात वेबसाइटच्या कामाला माणूस हवा होता. प्रोजेक्ट पूर्ण झालं, सर्टिफिकेट मिळालं, की सर माझं नाव सुचवणार होते. सगळ्यांसमोर तसं बोलले होते.

सर म्हणजे एक नमुना. कधीतरी थोडे दिवस परदेशात काम करून आलेले. “मी ऑनसाइटला असताना” असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू व्हायचं नाही. पहिल्याच दिवशी छाती काढून म्हणाले होते, “इथे जात नाही, धर्म नाही. ब्राउझरला फक्त कोड कळतो.” मी भाबडी. मला ते खरंच वाटलं.

शिकवायचे बरं, हे मान्य. टॅग उघडला की बंद करायचा, चित्राला पर्यायी मजकूर द्यायचा, रंग दोनच वापरायचे. पहिल्यांदा माझं नाव, आडनावासकट, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात उमटलं तेव्हा मला रडूच आलं. लाइनवर मला नाव नसतं, नंबर असतो.

वधूवर केंद्र सरांच्या मावशीचं. म्हणजे आमच्याकडून फी घ्यायची आणि मावशीची साइटही आमच्याकडूनच करून घ्यायची. त्याचं नाव लाइव्ह प्रोजेक्ट.

त्या चौकोनात टिक आपोआप यायला कोडमध्ये एकच जादा शब्द लिहावा लागतो. तो लिहिला, की येणाऱ्या प्रत्येकाच्या वतीने आम्हाला आधीच नकार. ज्याला आमच्याशी सोयरीक चालते, त्याने मुद्दाम टिक काढायची. आणि हे मी लिहायचं होतं, माझ्या हातांनी.

“सर, मी हे लिहिणार नाही.”

“का? काय अडलं?”

“मी एससी आहे.”

सर गोंधळले. मग हसले. मोठ्या मनाने हसले.

“अगं, मग तुला कशाला लागतंय? तुझ्याकडे बघून वाटतही नाही. किती नीटनेटकी असतेस तू!”

त्यांना वाटलं, माझं कौतुक केलं. तोंडावर बक्षीस वाटल्याचा आनंद होता. नीटनेटकी. म्हणजे माझी आई, माझ्या आत्या, आमची अख्खी गल्ली या माणसाच्या डोक्यात कशी होती, ते मला त्या एका शब्दात कळलं. डोक्यात तिडीक गेली माझ्या. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची भीतीच वाटेनाशी झाली. इतका वेळ ज्याच्यापुढे मी मान हलवत होते, तो एवढासा माणूस होता.

शेजारी बालाजी होता. लातूरकडचा, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या प्रेस शॉपला कामाला. तो हळूच म्हणाला, “ताई, टाका की वो. क्लासातलंच हाय, आपल्याला काय करायचंय?”

सर आता चिडले होते. “क्लायंटची अट आहे. डेव्हलपरने मत द्यायचं नसतं.”

“मग अट तुम्हीच टाइप करा, सर.”

“हा ॲटिट्यूड घेऊन आयटीत टिकणार नाहीस तू. तुला लाइनच बरी.”

मी पूर्ण पानाचा कोड निवडला आणि पुसला. रकाने, रेषा, रंग, सगळं. सेव्ह केलं. पडद्यावर पांढरं पान राहिलं. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “चार अक्षरं टाकली असतीस तर हात झडले असते का? सर्टिफिकेट तरी आणायचं.” सरांपेक्षा मला तिचाच राग जास्त आला. तिने आयुष्यभर असंच काय काय गिळलं असेल, हे नंतर सुचलं, पण राग गेला नाही.

फॉर्म पुढे बालाजीने बनवला. टिकसकट. मारुंजीची नोकरी त्यालाच लागली. “ताई, राग धरू नका,” असा त्याचा मेसेज आला. मी उत्तर दिलं नाही. राग धरलाय.

मी अजून लाइनवरच आहे. बाकीचं मोबाइलवर बघून, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर करून शिकले. आमच्या विहाराची साइट केली, एका खानावळीची केली. त्या दाखवत गुरुवारी मुलाखतींना जाते. सर्टिफिकेट का नाही, हे सगळे विचारतात. मी मोघम बोलत नाही. ते ‘क्षमस्व’चं वाक्य जसंच्या तसं सांगते, टिक आधीच मारलेली हवी होती हेही सांगते, आणि समोरच्याकडे बघत बसते. कुणी घसा खाकरतं. कुणी म्हणतं, “आता कुठे राहिलंय हे सगळं?”

परवा एका मॅडमनी मायेने समजावलं, “असं प्रत्येक ठिकाणी सांगत बसलात तर तुम्हाला घेणार कोण?”

“ज्याला ऐकवत नाही, त्याच्या हाताखाली मी बसणार नाही,” मी म्हणाले.

तिथलं काम गेलं. येत्या गुरुवारी दुसरीकडे बोलावलंय. तिथेही मी हेच सांगणार आहे.