पानाचं भोक

कारकुनाकडे फायली साठतात तसे किस्सेही साठतात. निवृत्तीच्या दिवशी फायली सोपवता येतात. किस्से कुणी चार्जमध्ये घेत नाही. सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क होतो. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाचे हे काही.

*

विभागाचे जोशी सर हंगामी होते. उन्हाळ्यात नोकरी जायची, जूनमध्ये परत मिळायची. देठ, पातं, मध्यशीर, शिरा हे सगळं ते खऱ्या पानावर दाखवत. पोरं मात्र भिंतीवरच्या तक्त्यातलंच पान उतरवत. सरांनी कारण विचारलं, तर मंद्रूपचा एकजण म्हणाला, "तक्त्यातलं पान सुकत न्हाय की, सर."

*

पुढे त्या तक्त्याला झुरळांनी भोक पाडलं, मध्यशिरेच्या डाव्या बाजूला. महिन्याभरात सगळ्या जर्नलांत पानाला भोक आलं! वर बाण काढून नाव लिहिलेलं, 'पर्णरंध्र'.

पर्णरंध्रं सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत, असं सर घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिले.

"आमाला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय की," मंद्रूपकर म्हणाला.

*

सरांनी पदरमोड करून नवा तक्ता रंगवून घेतला. पेंटर विणकराच्या घरातला. नमुन्यातला एक धागा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, ही घरची शिकवण. त्याने भोकही रंगवलं, सावलीसकट!

*

प्रॅक्टिकलला पुण्याहून परीक्षक आले. ते खूश झाले तर सर कायम, नाहीतर जूनमध्ये येऊ नये, असं प्राचार्यांनी आधीच सांगितलेलं. सरांनी तक्ता काढून कपाटामागे टाकला आणि प्रत्येकासमोर जास्वंदीचं ताजं पान ठेवलं.

पोरांनी पानाकडे न बघता भोकासकट आकृती काढली.

परीक्षक तेव्हा प्राचार्यांकडे चहाला गेले होते. सर स्टुलावर मटकन बसले. शिपाई नागप्पा माझ्या टेबलाशी आला. "सायब, पंचिंग मशीन द्या की जरा."

*

परीक्षक परतले. त्यांनी आकृती पाहिली, पान पाहिलं. दुसरी आकृती, दुसरं पान. मग चष्मा पुसून सगळी पानं पुन्हा पाहिली. दारातून सरांचा चेहरा मला दिसत होता. त्यात रक्त नव्हतं.

"इतकी शिस्तीची कीड मी जन्मात पाहिली नाही," परीक्षक हळूच म्हणाले.

संध्याकाळी त्यांचा रिपोर्ट आला. विद्यार्थ्यांचं निरीक्षण अचूक. या किडीच्या संशोधनासाठी जोशी यांना कायम करावं. प्राचार्यांनी सही करून तो माझ्याकडे फायलीला पाठवला.

मी रिपोर्टला भोकं पाडली आणि मशीन झटकलं. दोन टिकल्या पांढऱ्या पडल्या. बाकीच्या हिरव्या.