शॉर्टहँडचे सर आणि मुका संगणक

शॉर्टहँडच्या सरांचं बोट कधी स्वस्थ नसे. समोर कुणी बोलायला लागलं की त्यांची तर्जनी मांडीवर फिरू लागायची. बोलणारा बिचारा आपलं गुडघेदुखीचं सांगत असायचा आणि सर ते लघुलिपीत टिपून घेत असायचे. लग्नात मंगलाष्टकं चालू असली तरी बोट चालूच. काकू वैतागायच्या, "अहो, अक्षता तरी टाका की!"

सोलापुरातल्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच क्लास. मी तिथेच शिकले आणि त्या जोरावर कचेरीत चिकटले. आम्ही डिक्टेशन घ्यायचं, लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं आणि सरांनी नुसत्या कानांनी चूक पकडायची, अशी तिथली रीत. वही पुढे केली की म्हणायचे, "दाखवू नकोस, वाच."

पुढे घसा बसायला लागला, तेव्हा त्यांनी आपल्या आवाजातली डिक्टेशनं जुन्या डेस्कटॉपमध्ये भरून ठेवली. अलीकडे मात्र मुलींवर फार चिडायचे. "पुटपुटू नका की गं! घरी जेवायला घालत नाहीत का?" वय झालं, असं आम्ही म्हणायचो आणि हसण्यावारी न्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला. दुरुस्तीवाल्याने विंडोज नवीन टाकलं, तेव्हापासून मशीन मुकं झालंय, मुलींची परीक्षा तोंडावर आलीय, कचेरीतली मशीनं तूच बघतेस ना, ताबडतोब ये. मी गेले. वायर जागेवर होती, आवाजाची पट्टी वर होती. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर पिवळं चिन्ह. आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा प्रोग्रामच, नव्हता. इतक्या जुन्या मशीनचा ड्रायव्हर शोधायचा म्हणजे डोक्याला ताप! झाकण काढून बोर्डावरचा नंबर वाचला, मोबाइलवर शोधाशोध केली. एक उतरवला, तो भलताच निघाला. सर माझ्या मागे घिरट्या घालत होते. "बघ बाई काहीतरी. हे सुरू झालं नाही तर क्लासला कुलूप लावायची पाळी येईल."

दुसरा ड्रायव्हर बसला. मशीन बंद करून चालू केलं आणि एक डिक्टेशन लावलं. "अध्यक्ष महोदय, या सभागृहासमोर..." सरांचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. बाकांवर बसलेल्या मुलींच्या पेन्सिली सवयीने धावू लागल्या. मी खुशीत मागे वळले. सर पडद्याकडे डोळे लावून उभे होते. बोट हलत नव्हतं.

"काय गं, अजून नाही?"

मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांचाच आवाज कानावर आदळत होता आणि मी त्यांना नाही म्हणून सांगत होते! एक मुलगी फिसकन हसली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांच्या धावणाऱ्या पेन्सिलींकडे. मग ते पुढे आले आणि त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला. स्पीकर थरथरत होता. डिक्टेशन संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पोरींनो, उद्यापासून दुसरा क्लास बघा," ते म्हणाले. "मला तुमच्या चुका ऐकू येत नाहीत."

दारापर्यंत सोडायला आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला कळत होतं गं. मीच आधी पोरींवर, मग मशीनवर ढकलत होतो. लाज वाटत होती, दुसरं काय! पण आज पोरींसमोर तू मला सांभाळून घेतलंस ना..." मी चपला घालायच्या निमित्ताने खाली वाकले ते बराच वेळ वर बघितलंच नाही.

कानाचं यंत्र घ्यायला ते तयार नाहीत, असं काकू सांगतात. परवा भाजी मंडईत ते मला दिसले. मला पाहिलं आणि पिशवी सावरत घाईने दुसऱ्या बोळाकडे वळले. माझ्याने राहवेना. मी होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, "सर!"

सगळी मंडई वळून माझ्याकडे बघायला लागली. सर तेवढे चालत राहिले.