पडदेवाल्या काकूंचा नाच

पडदेवाल्या काकूंनी गल्लीतली एकही खिडकी उघडी ठेवली नव्हती. पडदे शिवता शिवता शिवणयंत्रावर हयात गेली. जीभही सुईसारखी चाले. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर भिंगातून बारीक चाकं बघून घरी आले की तोंडाला कुलूप. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत.

लेकीनं आईच्या साठीला टीव्ही पाठवला. खोकं उघडलं आणि काकू ओरडल्या, "अगं बाई, हा टीव्ही की वाड्याचा दरवाजा?"

बसवायला आलेला माणूस म्हणाला, "रिमोटचं हे बटण दाबून बोला. तो ऐकतो."

काकूंनी घसा खाकरला. "अहो, जरा आवाज कमी करता का?"

आवाज कमी झाला. काकू यजमानांकडे वळल्या. "बघा! एका हाकेत!"

घड्याळजी गालातल्या गालात हसले.

मग काकूंना टीव्हीशी अहो-जाहो बोलायचा नादच लागला. एका दुपारी घड्याळजी चष्मा शोधत पडद्यासमोरून येरझारा घालत होते. काकू करवादल्या, "अहो, मध्ये मध्ये नाचू नका!" बोट नेमकं बटणावर. टीव्हीनं एवढ्यातला नाचच तेवढा उचलला. पडद्यावर नाच शिकवणारी, माणसाएवढीच उंच बाई उभी राहिली, सैल विजार, हसरा चेहरा. "चला, उजवा पाय पुढे! खांदे सैल!"

"मला म्हणतेय?" काकूंनी मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं. त्या उठल्या.

पहिल्या दिवशी त्या शिवणयंत्राला धडकल्या. दुसऱ्या दिवशी धडकल्या तरी थांबल्या नाहीत. पाय आपटत, स्वतःशीच खिदळत, घामाघूम होईपर्यंत नाचल्या. लहानपणी "मुलीच्या जातीला शोभत नाही" म्हणून जे अंगात दाबून टाकलं होतं, ते आता बांध फुटल्यासारखं बाहेर येत होतं.

आणि एका संध्याकाळी गिरकी घेताना त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगाला पडदे शिवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खिडकीला पडदा नव्हता! समोरच्या बसथांब्यावरची अख्खी रांग इकडे तोंड करून उभी. बस येऊन उभी होती, पण चढत कुणीच नव्हतं. ड्रायव्हरनंही मान बाहेर काढलेली.

काकूंचे पाय जमिनीला खिळले. "मेले! अहो, खिडकी लावा!"

घड्याळजी उठले. खिडकीपाशी गेले. बाहेर पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि दोन्ही झडपा सताड उघडल्या. मग रिमोट उचलून खणखणीत आवाजात म्हणाले, "आवाज वाढवा!"

थांब्यावर शिट्ट्या पडल्या. काकूंनी तोंडावर हात घेतला, बोटांच्या फटीतून बघितलं, आणि खांदे सैल सोडले. रांगेतली एक जाडजूड नर्सबाई पिशवी खाली ठेवून ताल धरू लागली. तिच्या मागचे दोघे लाजत लाजत हलले. ड्रायव्हरनं हॉर्नवर ठेका दिला.

गाणं संपतं न संपतं तोच दार वाजलं. नर्सबाई धापा टाकत उभी होती, चपला हातात.

"बस गेली माझी," ती म्हणाली. "आत जागा आहे का?"

काकू उत्तर देणार, तोवर घड्याळजींनी बाह्या सारल्या आणि सोफा भिंतीकडे ढकलायला घेतला.