राजाची उडी आणि आमचे व्याही

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसून ऐकणारी माणसं अर्धं ऐकतात आणि गावात जाऊन दुप्पट सांगतात. आणि परवा तुम्ही हसलात ते मी विसरलेले नाही. "तुमचे साताऱ्याचे व्याही कॉम्प्युटरपुढं चपला काढून बसतात म्हणे," असं म्हणालात आणि तोंडावर रुमाल धरलात. बसतात की! त्यात हसण्यासारखं काय होतं ते सावकाश सांगा, आधी माझं ऐका. कृष्णामाई डोंगरातून निघून आमच्या सांगलीला पोचेपर्यंत तिच्या दोन्ही काठांना जेवढी माणसं राहतात ना, त्यांत माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका चिवट माणूस दुसरा नाही. हे मी विहीण म्हणून तोंडदेखलं बोलत नाही. त्या चिवटपणाचा त्रासही मीच सोसलाय आणि त्याचं फळही मीच खातेय.

व्याही मूळचे म्हसवडकडचे. सारी उमर फौजेत काढली, तीही बिनतारी संदेशाच्या खात्यात. कानाला यंत्र लावायचं, टकटक ऐकायची, अक्षरं लिहून पुढं पाठवायची, हे काम. रिटायर होऊन साताऱ्याला घर बांधलं, पण फौज काही घराबाहेर राहिली नाही. पहाटेचा चहा सुद्धा त्यांच्याकडे ठरल्या मिनिटाला होतो. माझी विहीण, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाली, "दूध नासलं तरी ह्येंच्या वहीत त्याची येळ लिव्हलेली आसती बगा." आणि खरंच तशी वही आहे. कुठलंही यंत्र बिघडलं की त्यात नोंद होते. मी स्वतः वाचलंय : "सोळा चाळीस. पडदा काळा. कारण : लाईट गेली. यंत्र निर्दोष." दुसऱ्या पानावर : "नऊ दहा. बटणांमधे उदबत्तीची राख. दोषी : मी स्वतः." आपला दोष एवढ्या सरळ अक्षरात लिहिणारा पुरुष मी तरी दुसरा पाहिला नाही. माझ्या घरात तर मुळीच नाही.

कॉम्प्युटर त्यांनी घेतला तो जुना, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला. त्यावर फौजेतलं काळं कांबळं घालतात. कांबळं काढून घडी करायची, चपला दाराशी ठेवायच्या, खुर्चीत ताठ बसायचं आणि मग बटण दाबायचं. यंत्राला ते रंगरूट म्हणतात, म्हणजे फौजेत नवीन भरती झालेला गडी. "एका येळेला एकच हुकूम द्यायचा, विहीणबाई. दोन हुकूम दिलं की रंगरूट गोंधळतंय." फ्लॉप्या ठेवतात चपातीच्या स्टीलच्या डब्यात, मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून. एकदा सातारा-सांगली एसटीनं आमच्याकडं येताना शेजारच्या माणसानं डब्यावर ट्रान्झिस्टर ठेवला. व्याह्यांनी पेठनाक्यापर्यंत तो डबा डोक्यावर धरला होता. का, तर रेडिओत लोहचुंबक असतो आणि त्यानं फ्लॉपीवरचं पुसतं. तो माणूस बिचारा विचारत होता, "आजोबा, भूक लागली आसंल तर खाऊन घ्या की!"

आता माझा आणि ह्या सगळ्याचा संबंध काय, ते सांगते. माझे वडील सांगलीच्या हळदीच्या बाजारात तोलार होते, पोती तोलायचे. दुपारी बाजार थंडावला की दोन पोत्यांवर फळी टाकून बुद्धिबळाचा पट मांडायचे. व्यापारी, हमाल, गाडीवान, जो बसेल त्याच्याशी डाव. आणि प्रत्येक डाव संध्याकाळी वहीत उतरवायचे. कुणाशी खेळलो, कुठलं प्यादं कुठं सरकलं, घोडा कुठं बसला, सगळं मराठीत, शिसपेन्सिलीनं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं माझं जे काही लिहिणं-वाचणं झालं ते त्या वहीच्या जोरावर. इतर मुली पोथी लावून वाचायच्या, मी डाव लावून वाचायचे. लग्नानंतर ती वही माझ्याकडे आली. वहीला हळदीचा वास अजून आहे, पण कसर काही त्या वासाला भ्यायली नाही. ते रुपेरी किडे पानं घडीवर खात चालले होते. पेन्सिलही फिकी पडत होती. माझ्या डोळ्यांदेखत वडील दुसऱ्यांदा जाणार, असं वाटायचं मला.

लेकीच्या लग्नानंतर व्याही पहिल्यांदा जेवायला आले त्या दिवशी मी ती वही उन्हात ठेवली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली. पुरणपोळी पानात निवत राहिली, आणि हे अंगणात उकिडवे बसून पानं उलटतायत!

"विहीणबाई, ह्यो दारूगोळा हाय दारूगोळा! आन् आसा उघड्यावर?"

"मग काय करू? तिजोरीत ठेवला तरी कसर लागते."

"मशीनमधी ठेवायचा. तितं कसर जात न्हाई."

झालं. पुढच्याच महिन्यात त्यांनी फौजेतल्या कुणा जुन्या दोस्ताकडून दोन फ्लॉप्या मागवल्या. त्यांत बुद्धिबळाचे डाव साठवायचा प्रोग्रॅम होता. चाली भरायच्या, खेळणाऱ्याचं नाव भरायचं, हवा तो डाव शोधून पुन्हा पटावर चालवून बघायचा. आणि तो सगळा फुकट! परदेशातल्या कुणा भल्या माणसानं घरी बसून बनवलेला. त्यानं सोबत लिहिलं होतं की पैसे नकोत, आवडला तर तुमच्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवा. व्याह्यांना हे फार भावलं. "आदी काम हुंदे, मग कार्ड. काम झाल्याबिगर सर्टिफिकेट न्हाई."

वही मी हातची सोडणार नव्हते. म्हणून असं ठरलं की रोज दुपारी मी एक डाव अंतर्देशीय पत्रावर उतरवायचा आणि साताऱ्याला धाडायचा. तिथं ते मशीनमधे भरणार. मी लिहीत गेले, पोस्टमन नेत गेला, आणि साताऱ्याहून उत्तरं यायला लागली, ती अशी : "डाव पहिला. नवव्या चालीला मशीन अडली." "डाव दुसरा. चौदाव्या चालीला अडली." "डाव तिसरा. अकरावी. मशीन इंग्रजीत 'इल्लीगल मूव्ह' म्हणते. म्हणजे बेकायदा चाल. आपल्या वडिलांना ती बेकायदा म्हणते हे मी ऐकून घेणार नाही."

मग त्या रंगरुटाचे जे हाल झाले! आधी व्याह्यांनी ठरवलं की यंत्र दहा-बारा चालींनंतर दमतं. म्हणून दर सात चालींनी त्याला विश्रांती. टेबलफॅन माणसांवरून काढून त्याच्यावर लावला. मग फ्लॉपीवर संशय. प्रोग्रॅम पुसला, पुन्हा चढवला, असं सात वेळा. विहीण म्हणाली, "एवढ्या येळा मी कवा घर सारवलं न्हाई." मग विजेवर संशय आला, तेव्हा वीजमंडळाला पत्र गेलं. मग मशीनचं तोंड फिरवून पाहिलं. वहीत नोंदींवर नोंदी : दोष सापडला नाही, दोष सापडला नाही. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ठरलेलं वाक्य : "माघार नाही. पुढचा डाव पाठवा."

इकडे मी सांगलीत ती पत्रं समोर घेऊन बसले. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वडिलांची वही पाठ होती. पहिल्या डावाची नववी चाल काढली. दुसऱ्याची चौदावी. तिसऱ्याची अकरावी. तिन्ही ठिकाणी वडिलांच्या अक्षरात एकच : राजाची उडी. तुम्हाला ठाऊक नसेल, आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात राजाला शह बसायच्या आधी, अख्ख्या डावात एकदाच, घोड्यासारखी अडीच घरं उडी घेता येते. मी तसंच शिकले, व्याहीही म्हसवडला देवळाच्या ओट्यावर तसंच शिकले. जगात दुसरे कायदे चालतात हे आम्हा दोघांच्या गावीही नव्हतं. तो परदेशातला भला माणूस तरी काय करणार? त्याच्या देशात राजे उड्या मारत नसतील!

पण मला कोडं पडलं ते वेगळंच. दर वेळी राजाच अडतो हे व्याह्यांना दिसलं कसं नाही? वही पिशवीत घातली आणि सरळ सातारची एसटी धरली. बघते तो काय, माझ्या पत्रावर त्यांनी लाकडी पट्टी ठेवलेली. एका वेळी एकच ओळ उघडी. ओळ वाचायची, चाल मारायची, पट्टी खाली.

"आवं, पण काय चाल आहे ते बघता की नाही?" मी म्हटलं.

ते ताठ झाले. "विहीणबाई, सिग्नलचा कायदा हाय. संदेश पोचवायचा. त्यात काय हाय त्ये बगायचं न्हाई. तीस वर्सं बगितलं न्हाई, तर आता तुमचं बगू व्हय?"

मी पट्टी बाजूला केली आणि तीन पत्रं शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग उठले, चपला घालून अंगणात एक चक्कर मारली, चपला काढून परत आले आणि वहीत लिहिलं : "दोषी : मी स्वतः. मशीन निर्दोष. कळवण्यास वाईट वाटते."

पुढचे चार दिवस त्यांनी त्या प्रोग्रॅमसोबतचा इंग्रजी मजकूर डिक्शनरी घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचला. चौथ्या दिवशी ओरडले, "गावला! वाट गावली!" प्रोग्रॅममधे पट हवा तसा मांडून तिथून डाव सुरू करायची सोय होती. मग काय, प्रत्येक डावाचे दोन तुकडे. उडीपर्यंत पहिला. मग राजा उडी मारून जिथं पोचला तिथं बसवून पट मांडायचा आणि पुढचा दुसरा. पहिल्याच्या शेवटी शेऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य : इथं राजानं उडी घेतली. एकाला दोन डाव झाले, काम दुप्पट झालं, पण अडलं नाही. मी वही घेऊन साताऱ्याला जाऊन-येऊन असायचे. मी डाव वाचायचे, ते बटणं दाबायचे, विहीण मधे मधे शेंगा आणून ठेवायची.

दिवाळीआधी आम्ही शेवटच्या पानाला आलो. त्या पानावरचा डाव माझ्याशी होता. मी वाचत गेले, ते भरत गेले. सतराव्या चालीनंतर पान कोरं.

"निकाल सांगा. मशीन इचारतीय. कोण जितलं?"

मग मी सांगितलं. माझ्या हळदीच्या आदल्या दुपारी आम्ही तो डाव मांडला होता. चाल वडिलांची होती. तेवढ्यात बायका मला न्यायला आल्या. वडील म्हणाले, "जा. पट हलवत नाही. माहेरपणाला आलीस की पुरा करू." मी माहेरपणाला आले तेव्हा फळीवर पट होता, सोंगट्या जागच्या जागी होत्या. वडील नव्हते.

व्याह्यांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली. वहीतलं ते पान पहिल्या ओळीपासून हळूहळू वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "जल्मात पयल्यांदा कुणाचा संदेश वाचला, विहीणबाई. रागवू नगा." पडद्यावर निकालाच्या चार खुणा होत्या. पांढरा जिंकला, काळा जिंकला, बरोबरी, आणि शेवटची एक चांदणी. त्यांनी बोट चांदणीवर नेलं. "हिचा अर्थ, डाव चालू हाय." आणि बटण दाबलं.

पोस्टकार्ड दुसऱ्या दिवशी गेलं. चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू मी लावलं, इंग्रजी त्यांनी लिहिलं : आभार, प्रोग्रॅम उत्तम, फक्त पुढच्या वेळी राजाला एक उडी मारू द्यावी. खाली आम्हा दोघांच्या सह्या. त्या माणसाच्या टपालवाल्यानं ती हळद बघून काय समजून घेतलं असेल कोण जाणे. पण माझे वडील त्याच्या त्या फुकटच्या घरात सुखरूप राहतायत, एवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि महिन्याभरानं साताऱ्याहून मला एक कार्ड आलं. त्यावर एकच ओळ : "अठरावी चाल. वडिलांच्या बाजूनं. उंट वजिरापुढं. परवानगी न घेता खेळतोय." मी कार्ड घेऊन देवघरापुढं किती वेळ उभी होते ते व्याह्यांच्या वहीतच लिहायला हवं होतं. तेव्हापासून आमचा तो डाव कार्डावर चाललाय. हल्ली त्यांचं अक्षर तिरकं होतं. मागचं कार्ड येऊन खूप दिवस झाले. मी माझी चाल कळवलीय, उत्तर नाही. लेक म्हणते, डोळ्यांचं काहीतरी निघालंय, डॉक्टरनी लिहायला मना केलंय.

तर व्याहीबुवा, हे सगळं मी लिहूनही धाडतेय, कुणी ना कुणी तुम्हाला वाचून दाखवेलच. लिहू नका, पण एसटीत बसायला कुणी मना केलेलं नाही ना? विहिणीला घेऊन या. पट मी मांडून ठेवलाय, दुपारी झाडताना सुद्धा हलवत नाही. माझा घोडा तुमच्या वजिरावर आलाय आणि चाल तुमची आहे. तुमच्या राजाची उडीही अजून शिल्लक आहे. लवकर या.